आपल्या बागेचं फाटक

(रौप्यमहोत्सवी समारंभात सोसायटीच्या एका माजी सचिवांनी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनीच थोडं नीट करून दिलं.)



अध्यक्ष मला म्हणाले, "साहेब, तुम्ही जुने सचिव. २५ वर्षांचा आढावा तुम्हीच घ्या." आढावा मी घेणार नाही. पाण्याची टाकी कधी झाली, अंतर्गत रस्त्याचं डांबरीकरण कोणत्या साली झालं, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, हे सगळं याच स्मरणिकेत अहवालात छापलेलं आहे. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. आपल्या बागेच्या फाटकावर.

मागे कुणीतरी हसलं. हसा. वीस मिनिटं मागतो, जास्त नाही.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली. बदली होऊन इथं आलो तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ती सगळ्यांना ठाऊक असलेली म्हण ऐकवली होती, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. माझी बनली आणि परभणीही सुटली नाही. आयुष्यभर जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर लेव्हल लावून बघितली. उतार हा माझा धंदा होता, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२००० साली सोसायटी नोंदली गेली. लेआउटच्या नियमाप्रमाणे १० टक्के मोकळी जागा सोडलेली होती. सात वर्षं त्या ओपन स्पेसमध्ये बाभळी, गाजर गवत आणि डुकरं. २००७ साली मी सचिव असताना आपण तिची बाग केली. बाहेरून माती आणून भर टाकली, हिरवळ लावली, मुलांसाठी झोके, घसरगुंडी, म्हाताऱ्यांसाठी बाक. आणि फाटक. त्या फाटकाचा मला फार अभिमान होता. डुकरं, गायी, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून मी मोंढ्याजवळच्या एका वेल्डरकडून लोखंडी चकरी बनवून घेतली. चार पात्यांची, गोल फिरणारी. माणूस एकेक करून आत जाणार, जनावर अडकणार. भर टाकल्यामुळे बाग रस्त्यापेक्षा दीड फूट उंच झाली होती, म्हणून आधी तीन पायऱ्या, मग चकरी. सर्वसाधारण सभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. तो ठराव इतिवृत्तात आजही आहे.

अकरा वर्षं ती चकरी फिरली. कुणाची तक्रार आली नाही.

२०१८ च्या दिवाळीआधी मी वसमत रोडवर स्कूटरवरून पडलो. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड पडला, आणि तीन महिने खुर्चीत. निवृत्त माणूस, घरात बसून बसून जीव विटला. एके संध्याकाळी नातू म्हणाला, "आजोबा, चला तुम्हाला बागेत नेतो." आठवीतलं पोरगं, त्याने मोठ्या हौसेने खुर्ची ढकलत फाटकापर्यंत आणली. तिथं आम्ही दोघं थांबलो. तीन पायऱ्या आणि त्यावर माझी चकरी. चकरीत माणसाला मिळते ती जागा वीस इंचांची, मीच ठरवलेली. खुर्ची होती पंचवीस इंचांची.

नातू म्हणाला, "आजोबा, हे असलं गेट कुणी केलंय?"

मी उत्तर दिलं नाही. त्याला म्हटलं, तू जा आत, खेळ, मी इथंच बसतो.

तिथं कुंपणाला लागून एक कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत आधीच एक खुर्ची होती. प्लॉट नंबर सतरामधला मुलगा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं अडखळत, हातपाय ताठ, पण समज सगळी. तो, मी आणि जाळीपलीकडे खेळणारी पोरं. मी उन्हात आहे हे बघून त्याने आपली खुर्ची कशीबशी हातभर सरकवली आणि मला मानेनेच खूण केली, इकडं या. त्याने मला जागा करून दिली.

मी त्याच्या आईला विचारलं, "वहिनी, तुम्ही रोज येता इथं?" त्या म्हणाल्या, "रोज. पाच वाजले की त्याला बाहेर पडायचंच असतं." किती वर्षं झाली? "बाग झाल्यापासून." बाग झाली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. माझा पाय मोडला तेव्हा सतरा वर्षांचा. म्हणजे अकरा वर्षं मी रोज संध्याकाळी त्या फाटकातून आत गेलो, चार फेऱ्या मारल्या, बाहेर पडताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, "काय म्हणतोस राजा?" असं विचारलं, आणि घरी गेलो. तो आत का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटायचं, त्याला तिथंच आवडतं.

मी म्हटलं, "वहिनी, अहो, एकदा तरी बोलायचं ना कमिटीत."

त्या म्हणाल्या, "कुणाला बोलायचं भाऊजी? तुम्ही सगळे आपलेच."

हे वाक्य मला अजून पुरतं कळलेलं नाही. रागाने म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर मी कायदा शोधायला बसलो. सरकारी माणूस, दुसरं काय करणार. आणि काय निघालं? आपण चकरी बसवली त्याच्या बारा वर्षं आधी, १९९५ साली, संसदेने अपंग व्यक्तींसाठी कायदा केलेला होता. त्यात सार्वजनिक इमारती-रस्ते त्यांना वापरता येतील असे असावेत हे लिहिलेलं होतं. मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, त्या कायद्याचं एक परिपत्रकही लक्षपूर्वक वाचल्याचं आठवत नाही. मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस. आणि यात करमणूक आणि खेळ यांची वेगळी कलमं आहेत, एकोणतीस आणि तीस. म्हणजे शाळा, नोकरी, दवाखाना एवढंच नाही. बाग, मैदान, नाटक, सहल हीसुद्धा हक्काच्या यादीत. आपल्याकडे समज असा की अपंग माणसाला औषध आणि पेन्शन मिळालं की झालं, त्याला झोक्यावर कशाला बसायचंय?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, शंभरात सव्वादोन म्हणा. आपल्या सोसायटीत माणसं साधारण पाचशे. त्या हिशोबाने अकरा निघायला हवीत. २००७ साली मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं, एक. आम्ही घरोघर जाऊन विचारलं तेव्हा नऊ निघाली. त्यातली चार मला तोंडओळखीचीही नव्हती. एक ताई माझ्या मागच्याच गल्लीत राहतात, पोलिओ आहे, घरी शिवणकाम करतात. माझ्या शर्टाची कॉलर त्यांनी उलटवून दिली होती, मी मात्र शर्ट घ्यायला नेहमी मुलाला पाठवलेलं.

असो. पुढं काय केलं ते सांगतो, कारण त्यात आमची फजिती पुष्कळ आहे.

२६ जानेवारी २०१९. झेंडावंदन झालं, जिलेबी खाल्ली आणि वीस-पंचवीस जणांनी श्रमदानाने रॅम्प करायचा ठरवला. मी कुबड्या घेऊन देखरेखीला. पायऱ्यांच्या बाजूला वीट, वाळू, सिमेंट, दुपारी एकपर्यंत काम तयार. सहा फूट लांबीचा रॅम्प. मी नुसत्या नजरेने उतार बघितला आणि म्हणालो, "चालतंय." कालव्याला हजारो फुटांत एक फूट उतार देणारा माणूस मी, आणि इथं दीड फुटाची उंची सहा फुटांत चढवून मोकळा झालो. म्हणजे चारास एक.

चार दिवसांनी सतरा नंबरच्या वहिनी त्याला घेऊन आल्या. निम्म्या चढावर त्यांचे हात थकले. खुर्ची मागे सरकायला लागली. त्या तशाच तिला छातीने अडवून उभ्या राहिल्या, आणि "धरा हो कुणीतरी" म्हणून ओरडल्या. दोन पोरं धावली म्हणून निभावलं. त्याला काही झालं नाही. त्यांचा घोटा मुरगळला.

त्या रात्री मी कागद घेऊन हिशोब केला. तो आणि खुर्ची मिळून वजन ६३ किलोच्या आसपास. चारास एक उतारावर ढकलायला साधारण १५ किलोचा जोर सतत लावावा लागतो. बारास एक उतारावर तोच जोर ५ किलोवर येतो. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पचा उतार बारास एकपेक्षा जास्त नको असं का म्हटलंय ते त्या रात्री समजलं. एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपली उंची दीड फूट, म्हणजे अठरा फूट रॅम्प. रुंदी निदान चार फूट, वर आणि खाली पाच फूट सपाट जागा, म्हणजे खुर्ची वळवता येते. श्रमदानाचा फोटो मात्र फार छान आला होता, तो सोसायटीच्या ऑफिसात अजून आहे.

मग सर्वसाधारण सभा. तिथं जे झालं ते इतिवृत्तात नाही, म्हणून सांगतो. काहींचं म्हणणं होतं, एका घरासाठी एवढा खर्च कशाला. तेही रागाने नाही, हिशोबाने. कुणी म्हणालं, त्यापेक्षा आपण चार पोरं मिळून रोज त्याला उचलून आत नेऊ, पुण्याचं काम आहे. ऐकायला चांगलं वाटलं, टाळ्याही पडल्या. तेव्हा त्याची धाकटी बहीण, त्या वेळी दहावीत होती, उठून म्हणाली, "आणि त्याला घरी यायचं असलं तर कुणाला फोन करायचा?" सभा गप्प झाली. ठराव मंजूर झाला, एकमताने नाही, बहुमताने. ज्यांनी विरोध केला त्यांतले दोघं आज इथं पहिल्या रांगेत बसलेत, आणि आज तेच सगळ्यांत आधी बागेत असतात, कारण गुडघे दोघांचेही गेले.

दुसरा रॅम्प मे महिन्यात झाला. उतार अगदी काटेकोर, मी स्वतः पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली. आणि ऑगस्टमध्ये तो मधोमध तडकला. इथं तर मला लाजच वाटायला हवी, आणि वाटली. परभणीची माती कुणाला माहीत नाही? काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांत हात जातो. तिच्यावर थेट बांधकाम केलं की ती ते उचलते आणि मोडते. कालव्याच्या अस्तरीकरणात आम्ही काळी माती लागली की तिच्यावर न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर देत होतो. आयआयटी मुंबईच्या डॉ. कट्टी यांनी त्यावर काम केलेलं, आम्हाला प्रशिक्षणातच ते शिकवलं गेलं होतं. कालव्याला जे केलं ते घराशेजारच्या रॅम्पला करावं हे सुचलं नाही. बागेचा रॅम्प म्हणजे किरकोळ काम, असं मनात कुठंतरी होतं.

तिसरा रॅम्प व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला, मध्ये कोरोना गेला. या वेळी तीन फूट खोदलं, काळी माती काढून टाकली, मुरूम भरला, थराथराने पाणी मारून धुम्मस केली, मग सोलिंग, मग काँक्रीट, आणि ओल्या काँक्रीटवर खराट्याने आडव्या रेघा मारल्या, पावसात चाक आणि पाय घसरू नये म्हणून. चार पावसाळे झाले. एक केसाएवढी भेग आहे, दर दिवाळीला मी बघतो.

मी हे चेन्नईच्या मरीना किनाऱ्याबद्दल वाचलं तेव्हा मला जरा धीर आला. तिथं चाकाच्या खुर्चीतल्या लोकांना समुद्राजवळ जाता यावं म्हणून वाळूवर लाकडी वाट केली. आधी काही वर्षं ती तात्पुरती असायची, थोडे दिवस टाकायची आणि उचलायची. लोक मागे लागले तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये कायमची झाली. आणि दोन आठवड्यांत मँडूस वादळाने तिचा भाग उखडला. त्यांनी ती पुन्हा दुरुस्त केली. समुद्र त्यांना, काळी माती आम्हाला.

रॅम्प झाला, आता आम्हाला वाटलं जिंकलो. तर कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तरुण आला, हाताने पॅडल मारायची तीनचाकी घेऊन. आपल्या भागात चाकाची खुर्ची कमी आणि ही तीनचाकीच जास्त, शिबिरांतून मिळालेली. त्याने वर जाऊन बघितलं आणि म्हणाला, "काका, हे खुर्चीचं झालं. माझी गाडी इथं वळतच न्हाई." पुस्तकातलं माप खुर्चीचं, तीनचाकी लांब. वरची सपाट जागा पाचाची सात फूट केली. त्याच वेळी आमच्यातल्या एका उत्साही कार्यकर्त्याने त्याला न विचारता मागून गाडी ढकलली. तो भडकला. "मी काय हातगाडा हाय का?" त्या दिवशी आमचा एक नियम झाला, आधी विचारायचं, हात नंतर लावायचा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मी त्यानंतर वाचलं. त्यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली, स्वतः खुर्चीत बसून शेकडो लोकांना उभं केलं. ते पुस्तक सोसायटीच्या कपाटात ठेवलंय, घेऊन जा.

शेजारच्या कॉलनीत संगीताचे एक सर राहतात, त्यांना दिसत नाही. त्यांना आम्ही म्हटलं, सर, एकदा येऊन बाग तपासा. ते पांढरी काठी घेऊन आले, आणि पहिल्या पन्नास पावलांत मी लावलेल्या बोगनवेलीच्या कमानीचा काटा त्यांच्या कपाळाला लागला. रक्त आलं. ते हसत म्हणाले, "काठी जमिनीवरचं सांगते. डोक्याजवळचं कोण सांगणार?" मग त्यांनी आम्हाला बाग दाखवली. हो, त्यांनी आम्हाला. विजेच्या खांबाची तिरपी ताण-तार, वाटेत पाय पसरून बसलेले बाक, उघडी नाली, अर्धवट लोंबणारी फांदी. सात फुटांच्या खाली वाटेवर काही लोंबू नये हे त्या दिवसापासून माळीमामांना पाठ आहे. आम्ही त्यांना पिवळ्या टाइल्सबद्दल विचारलं. लांब रेघांची टाइल म्हणजे चाला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा. सर म्हणाले, एवढ्याशा बागेत नका लावू, वाटेच्या कडेला जरा उंच काठ ठेवा, काठीला तो पुरतो. फक्त पायरीच्या आधी ठिपके लावा. पैसे वाचले. मोठ्या शहरांत मी ती पिवळी पट्टी सरळ खांबावर जाऊन आदळलेली पाहिली आहे.

कठड्याची गोष्ट राहिली. दोन उंचींवर नळ्या लावायच्या, ७० आणि ९० सेंटीमीटर, खालची खुर्चीतल्या माणसासाठी आणि लहान मुलांसाठी. आम्ही चकचकीत स्टील लावलं. मे महिन्यात दुपारी चारला एका आजींनी त्याला हात लावला आणि झटकन काढला. परभणीच्या ४४ अंशांत ती नळी तव्यासारखी तापते, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मग त्यावर सायकलच्या दुकानातून आणून रबरी नळी चढवली. दिसायला बरी नाही. हात ठेवता येतो.

आणि फाटक. खरी पंचाईत तिथंच होती. चकरी काढायची तर मोटारसायकल कशी थांबवायची? मी महिनाभर कागदावर रेघोट्या ओढल्या. मोटारसायकलचा हँडल आणि चाकाची खुर्ची यांची रुंदी जवळपास सारखीच. खुर्ची जाईल तिथून मोटारसायकल जाणारच. ज्या फटीतून एक जाईल आणि दुसरी जाणार नाही अशी फट मला सापडली नाही, कुणाला सापडली तर कळवा. शेवटी चार फुटी साधं फाटक केलं, आपोआप मिटणारं, स्प्रिंगच्या बिजागरीचं, कडी खुर्चीतल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. डुकरं थांबली. गाय एकदा आली, कडी कुणीतरी उघडी ठेवली होती, तिने जास्वंदीचा सगळा ताटवा खाल्ला आणि सभेत मला त्याचा हिशोब द्यावा लागला. मोटारसायकलींसाठी आम्ही सहा महिने पाळी लावली, संध्याकाळी सहा ते आठ, दोघं दोघं. लोखंडाने जे काम अकरा वर्षं फुकट केलं ते आता माणसांना उभं राहून करावं लागलं. आता पोरंच ओरडतात, "गाडी बाहेर!"

ती चकरी भंगारात द्यायची होती. मी नको म्हटलं. आपल्या पंपघराच्या मागे ती पडून आहे.

आता झोक्याचं सांगतो. बंगळूरूत 'किलिकिली' नावाची पालकांची संस्था आहे, त्यांनी तिथल्या सार्वजनिक बागांत सगळ्या मुलांना एकत्र खेळता येईल अशी खेळणी बसवून घेतली. त्यांची छायाचित्रं आमच्या एका सूनबाईंनी मोबाइलवर दाखवली. पाठ आणि मान टेकेल अशी खोल बैठक, छातीला पट्टा, साखळीऐवजी मजबूत सळ्या. आम्ही तसं करून घ्यायचं ठरवलं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी माप सांगितलं, वेल्डरने बैठक केली. पण माप लहान मुलाचं घेतलं गेलं, चित्रात लहान मुलं होती ना. आपला मुलगा तोवर २२ वर्षांचा झालेला. बैठक तीनदा कापून जोडली.

२०२३ च्या नागपंचमीला तो पहिल्यांदा झोक्यावर बसला. बायका दोर बांधून झोके घेत होत्या, फेर धरला होता. आधी तो घाबरला, आईचा हात सोडेना. मग दोन हलके झोके. मग तो हसायला लागला आणि म्हणाला, "अजून." तो शब्द त्याला स्पष्ट म्हणता येतो.

वहिनी माझ्याशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "सहा वर्षांचा होता तवा रोज झोक्याकडं बोट दाखवायचा भाऊजी. मग दाखवायचं सोडून दिलं. मला वाटलं इसरला."

मी पुढं त्यावर काही बोललो नाही, आताही बोलत नाही.

येलदरीच्या सहलीचं दोन वाक्यांत सांगतो. २०१२ साली आपण बस करून येलदरी धरणावर गेलो होतो, यादीत सतरा नंबरपुढे 'गैरहजर' असं माझ्याच अक्षरात आहे. गेल्या वर्षी पुन्हा गेलो, आधी दोघांनी जाऊन जागा पाहून ठेवली, सावली कुठं, खुर्ची कुठवर जाते, लघवीची सोय काय. खुर्ची पाण्यापर्यंत गेली नाही. वरून पाणी दिसत होतं, सगळे तिथंच जेवलो.

आता आमची सात-आठ जणांची मंडळी महिन्यातल्या एका रविवारी शहरातली एखादी मोकळी जागा मोजते. बाग, मैदान, चालायची वाट. फीत, खडू आणि वही. फाटक किती इंच, पायरी किती, पिण्याच्या पाण्याचा नळ किती उंच, बाकाला पाठ आणि हात आहेत का, बाकाशेजारी खुर्ची उभी राहील एवढी जागा आहे का. आमच्याबरोबर तीनचाकीवाला तरुण, शिवणकामवाल्या ताई किंवा संगीताचे सर यांपैकी कुणीतरी असतंच, नाहीतर मोजणी करायची नाही असं ठरलंय. मापं लिहायची, नकाशा काढायचा, ज्यांची जागा असेल त्यांना अर्जासोबत द्यायचा. एका ठिकाणी एका आजोबांनी विचारलं, "काय मोजायलाव? रस्ता रुंद व्हायलाय का?" घर जाईल म्हणून बिचारे घाबरले होते.

अर्जात आम्ही तीन गोष्टी लिहितो. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, हे. २०१७ च्या नियमांनुसार जुन्या सार्वजनिक इमारती-सोयी सुगम्य करायला दिलेली पाच वर्षं २०२२ मध्येच संपली, हे. आणि ८ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा राजीव रतुरी यांच्या याचिकेवरचा निकाल. त्यात न्यायालयाने म्हटलंय की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा चालणार नाहीत, बंधनकारक करा. आतापर्यंत चार अर्ज दिले. एका जागी फाटक रुंद झालं. एका जागी रॅम्प झाला, पण चारास एकचा. तिथल्या तरुण अभियंत्याला मी आपला जुना फोटो दाखवला आणि हिशोबाचा कागद दिला. तो हसला, म्हणाला, "सर, पुढच्या बिलात लांब करतो." बाकी दोन अर्जांचा पाठपुरावा चालू आहे. पाटबंधाऱ्यात राहिलेल्या माणसाला वाट बघायची सवय असते.

एक बातमी मुलांसाठी. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव, गोळाफेक करतात, खुर्चीत बसून. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला भारताचा तिरंगा धरणाऱ्या दोघांपैकी त्या एक. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या. गोळाफेकीचा सराव बैठकीच्या खोलीत होत नाही. त्याला मैदान लागतं, आणि मैदानाला फाटक असतं.

मी सांगितलेली वीस मिनिटं होऊन गेली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. बागेत अजून तीन कामं बाकी आहेत. पूर्वेकडची नाली उघडीच आहे. पाण्याचा नळ खुर्चीतल्या माणसाला उंच पडतो. आणि स्वच्छतागृहाचं दार २६ इंचांचं आहे, ते ३६ करायचंय, त्यासाठी भिंत फोडावी लागेल आणि पैसे लागतील. त्याचा अंदाजपत्रकाचा कागद बाहेर जेवणाच्या टेबलाजवळ लावला आहे, वाचल्याशिवाय ताट घेऊ नका.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला बागेच्या फाटकाशी जमायचं, उन्हाच्या आत नाली मोजून घेऊ. सतरा नंबरचा मुलगा येणार आहे, वहीत आकडे मांडायचं काम आता त्याची बहीण करते आणि आकडा बरोबर लिहिला की नाही ते तो तपासतो. फीत माझ्याकडे आहे. खडू कुणीतरी आणा.